‘ऑफ घोडबंदर रोड’मधल्या ‘ऑफ’ला मराठीत काय लिहायचं?

माजिवड्याची सुगरण
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी माजिवड्याला राहते. घरगुती जेवण, पुरणपोळी, उकडीचे मोदक आणि दिवाळीचा फराळ यांच्या ऑर्डरी घेते. घरपोच द्यायला दोन मुलं आहेत. दोघंही मराठी शाळेत शिकलेली, म्हणून ग्राहकांनी इंग्रजीत पाठवलेले पत्ते मी रात्री वहीत मराठीत उतरवते आणि सकाळी त्या पानाचा फोटो त्यांना पाठवते.

परवा विनायकीला एक ऑर्डर होती. पत्त्यात इमारतीचं नाव, पुढे ‘ऑफ पोखरण रोड नंबर २, ठाणे पश्चिम’. मी वहीत लिहिलं, ‘पोखरण रोड नं. २ वर’. मुलगा एकवीस मोदकांचा डबा घेऊन पोखरण रोडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा गेला. इमारत रस्त्यावर नव्हतीच. वसंत विहारच्या बाजूला आत वळून, पुन्हा एकदा वळून होती. दुपारच्या नैवेद्याची वेळ टळून गेली. त्या काकू एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण मला फार लागलं. मोदक गार झाले तर पुन्हा वाफवता येतात, नैवेद्याची वेळ कुठून आणायची?

घरी डिक्शनरी काढली. ‘ऑफ’ म्हणजे बंद, दूर, अलग. आता ‘बंद पोखरण रोड’ असं तर लिहिता येत नाही. ‘दूर’ लिहावं तर मुलगा पार मुलुंडला जाईल. माझा मुलगा आठवीत आहे. तो म्हणाला, आई, आमच्या पुस्तकात ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर वाजला असं आहे. तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. पंखा ऑफ केला की थांबतो आणि गजर ऑफ गेला की वाजतो, हे कसं? दुकानाच्या पाटीवर ‘२० टक्के ऑफ’ असतं. नवऱ्याचा गुरुवारी वीकली ऑफ असतो. मुलगा क्रिकेटमध्ये ऑफ स्पिन टाकतो. हा एकच शब्द आहे की पाच वेगळे?

आणि मुख्य म्हणजे, पत्त्यातला ‘ऑफ’ मराठीत कसा लिहू, की डबा पोचवणारा मुलगा पुन्हा रस्त्यावर उभा राहणार नाही?


पार्सलवाला, कोपरखैरणे
रविवार, रात्री १०:१५

ताई, मी नऊ वर्षं पार्सल टाकतोय. आधी ठाणे केलं, आता नवी मुंबई. आमच्यात ‘ऑफ’चा अर्थ एवढाच, की मेन रोड सोडायचा. इमारत रोडवर शोधायची नाही.

पण कुठे सोडायचा ते ‘ऑफ’ सांगत नाही. ‘ऑफ घोडबंदर रोड’ म्हणजे कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत कुठेही असू शकतं. डावीकडे येऊरच्या डोंगराकडे की उजवीकडे खाडीकडे, तेही कळत नाही. म्हणून मी निघायच्या आधी एकच विचारतो, ‘कुठल्या सिग्नलवरून आत?’ मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, यातलं एक नाव मिळालं की निम्मं काम झालं. तुमच्या मुलांना वहीत ते नाव द्या.

नवी मुंबईत हा त्रास कमी. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, सगळीकडे सेक्टर आणि प्लॉट नंबर. इकडे ‘ऑफ’ भेटतो तो ठाणे-बेलापूर रोडच्या एमआयडीसीत आणि पाम बीच रोडच्या पत्त्यांत. पाम बीचला वळण चुकलं की लांब जाऊन फिरून यावं लागतं, तिथे आधी विचारलेलंच बरं.


वायरमन, ऐरोली
रविवार, रात्री ११:०५

‘ऑफ म्हणजे बंद’ हे सगळ्यांच्या डोक्यात स्विचमुळे बसलंय, म्हणून स्विचचं सांगतो.

स्विच ऑफ असतो तेव्हा आमच्या भाषेत सर्किट ‘ओपन’ असतं. आतली पट्टी समोरच्या पट्टीपासून सुटलेली असते. ऑन केलं की पट्टी टेकते, सर्किट ‘क्लोज’ होतं आणि करंट वाहतो. म्हणजे आपण ज्याला बंद म्हणतो ते आत उघडं असतं. नवीन मुलगा हाताखाली आला की मी पहिल्या दिवशी जुना स्विच खोलून त्याच्या हातात देतो आणि दाखवतो, ऑफ म्हणजे हे, पट्टी सुटली.

हे समजणं जिवाचं आहे. एखाद्यानं स्विच चुकून न्यूट्रलच्या वायरवर टाकला असेल तर ऑफ केल्यावर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, तशीच जिवंत असते. कारण जी वायर सुटायला हवी होती ती सुटलेलीच नाही. म्हणून ‘ऑफ केलंय’ असं कोणी म्हटलं तरी मी टेस्टर लावल्याशिवाय हात घालत नाही. काय सुटलं ते बघावं लागतं.

पत्त्याचं मला माहीत नाही, पण शब्दाचा अर्थ इथेच असावा असं वाटतं.


रात्रशाळेचे गुरुजी, नौपाडा
सोमवार, सकाळी ६:२०

ताई, ऐरोलीच्या दादांनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. मी तिथूनच पुढे जातो.

मी ठाण्यात रात्रशाळेत ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. वागळे इस्टेटमध्ये पाळी संपवून मुलं थेट वर्गात यायची, हाताला ऑइलचा वास असायचा. पहिली चार-पाच वर्षं मीही त्यांना ‘ऑफ म्हणजे बंद’ असंच शिकवलं. मग एका परीक्षेत मी वाक्य दिलं, ‘द बेल्ट केम ऑफ द पुली.’ लेथवर हाताखाली काम करणाऱ्या एका मुलानं मराठीत लिहिलं, ‘पुलीचा पट्टा बंद आला.’ मी त्याला जवळ बोलावून विचारलं, अरे, कारखान्यात असं झालं तर तू काय ओरडतोस? तो लगेच म्हणाला, ‘पट्टा सुटला!’ आणि क्षणभर थांबून म्हणाला, ‘सर, मग डे ऑफ म्हणजे सुटी, तेही सुटणंच ना?’

त्या रात्री घरी आल्यावर मी जेवायच्या आधी वही घेऊन बसलो. आठवतील तेवढे ‘ऑफ’ लिहिले आणि प्रत्येकाच्या समोर ‘सुट’ लावून बघितलं. डे ऑफ म्हणजे सुटी. २० टक्के ऑफ म्हणजे २० टक्के सूट. द गन वेंट ऑफ, गोळी सुटली. वी सेट ऑफ, आम्ही निघालो, आणि गाडीबद्दल बोलताना तर आपण ‘गाडी सुटली’ असंच म्हणतो. सुटी, सूट, सुटली, हे सगळे आपल्या ‘सुटणे’ या एकाच धातूचे. जे काम इंग्रजीत ‘ऑफ’ हा चिमुकला शब्द करतो, त्यातलं कितीतरी आपल्याकडे ‘सुटणे’ करतं. त्या मुलानं माझी अनेक वर्षांची चूक एका प्रश्नात काढली. त्यानंतर प्रत्येक वर्गात मी ‘ऑफ’ दिसला की एकच प्रश्न विचारायला शिकवलं: कशापासून सुटलं?

आता तुमच्या मुलाचा गजर. जुनं चावीचं घड्याळ आठवा. गजराची चावी दिली की स्प्रिंग ताणली जाते आणि आत एक खिट्टी तिला धरून ठेवते. ठरलेली वेळ आली की खिट्टी बाजूला होते, धरलेलं सुटतं आणि हातोडी घंटेवर आपटायला लागते. बंदुकीचंही तेच, फटाक्याचंही तेच. म्हणून गजर ‘वेंट ऑफ’ म्हणजे वाजला.

मात्र ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले. इथे मुलं गोंधळतात आणि त्यांचा दोष नसतो. वीज, पाणी, गॅस या वाहणाऱ्या गोष्टी आहेत. त्या उगमापासून सुटल्या की थांबतात. गजर, बंदूक, सापळा या अडकवून ठेवलेल्या गोष्टी आहेत. त्या सुटल्या की सुरू होतात. सुटणं एकच, पण कोण सुटलं त्यावर पुढचं अवलंबून. ‘द अलार्म इज ऑफ’ असं असेल तर मात्र गजर लावलेलाच नाही, सकाळी उठवणार नाही. मुलाला म्हणावं, ‘ऑफ’च्या शेजारचं क्रियापद आधी बघ.

तुमच्या कामाचा आणखी एक ‘ऑफ’ सांगून ठेवतो. ब्रिटिश इंग्रजीत ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ म्हणजे दूध नासलं. कोणा ग्राहकानं श्रीखंडाबद्दल असं लिहिलं तर लगेच फोन करा.

आता जागेचा ‘ऑफ’. ‘ऑन’ म्हणजे वर, हे आपल्याला पाठ असतं. त्याच्या उलट ‘ऑफ’ म्हणजे खाली, असं मुलं समजतात. ते चूक. ‘वर’च्या उलट इथे ‘वरून’ आहे. पुस्तक टेबलावर आहे, ऑन. पुस्तक टेबलावरून पडलं, ऑफ. घोड्यावर बसला, घोड्यावरून पडला. ‘वर’ला एक ‘ऊन’ लागला आणि सगळं फिरलं. शाळेत आपण पंचमीचे प्रत्यय पाठ केले होते, ऊन आणि हून, आणि त्यांचा अर्थ लिहिला होता अपादान, म्हणजे वियोग. ‘ऑफ’चं घर तिथे आहे.

पाणिनीनं अपादानाची व्याख्या अवघ्या तीन शब्दांत करून ठेवली आहे: ‘ध्रुवमपायेऽपादानम्’. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातलं चोविसावं सूत्र. अपाय म्हणजे इथे दूर जाणं, सुटणं. एखादी वस्तू दूर जाते तेव्हा जे जागचं हलत नाही, जे ध्रुव राहतं, ते अपादान. झाडावरून पान पडतं. पान गेलं, झाड तिथेच आहे. ताई, ‘ऑफ पोखरण रोड’मध्ये पोखरण रोड हा ध्रुव आहे. तो सगळ्यांना माहीत आहे, जागेवर आहे. तुमच्या काकूंची गल्ली त्याच्यापासून सुटून आत गेली आहे. पत्ता लिहिणारा आधी ध्रुव सांगतो आणि मग म्हणतो, इथून सुटा.

आणि हे साम्य नुसतं योगायोगाचं नाही. संस्कृतमधला ‘अप’ हा उपसर्ग आणि इंग्रजीतला ‘ऑफ’ हे एकाच मुळातून आले आहेत. लॅटिनमध्ये तो ‘आब’, ग्रीकमध्ये ‘आपो’, जर्मनमध्ये आजही ‘आब’. अपहरण म्हणजे उचलून दूर नेणं, इंग्रजीत ‘कॅरी ऑफ’. अपभ्रंश म्हणजे मूळ रूपापासून खाली सुटून पडणं. प्राण्याचं मांस विकताना बाजूला पडणाऱ्या आतड्या-काळजाला इंग्रजीत ‘ऑफल’ म्हणतात, तोही ‘ऑफ’ आणि ‘फॉल’ यांचा जोड आहे, सुटून पडलेलं. ‘अॅब्सेंट’ आणि ‘अॅबनॉर्मल’मध्ये तोच लॅटिन ‘आब’ बसला आहे. हजेरी घेताना मी हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरचा झोपाळलेला मुलगाही मान वर करायचा. आपल्या घरातला नातेवाईक परक्या घरात भेटल्यासारखं वाटतं, मला तर अजूनही वाटतं.

मग पत्त्यात काय लिहायचं? माझ्या मते ‘पोखरण रोड नं. २ वरून आत’. ‘लगत’ लिहू नका. लगत म्हणजे चिकटून, आणि इथे तर सुटून आहे. ‘जवळ’ही नको, जवळ म्हणजे कुठल्याही बाजूला कुठेही. आणि पार्सलवाल्या दादांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ‘ऑफ’ फक्त कुठला रस्ता सोडायचा ते सांगतो, कुठे पोहोचायचं ते सांगत नाही. ते वळण तुम्हालाच लिहावं लागेल.


माजिवड्याची सुगरण
सोमवार, दुपारी ३:३०

गुरुजी, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं, मग मुलाला बसवून त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. ‘कशापासून सुटलं?’ हे फ्रिजवर लिहून चिकटवलंय. वायरमन दादा, तुमचं वाचून मी नवऱ्याला सांगून स्वयंपाकघरातला मिक्सरचा बोर्ड तपासायला लावला.

पण तुमच्या उत्तरानं एक जुनी गोष्ट वर आली. गेल्या वर्षी एका बारशाची साठ पुरणपोळ्यांची ऑर्डर होती. आदल्या दिवशी त्या ताईंचा मेसेज आला, ‘प्रोग्रॅम इज पुट ऑफ टिल नेक्स्ट संडे’. मी ‘ऑफ’ वाचलं आणि पुढचं नीट वाचलंच नाही. ऑफ म्हणजे बंद, कार्यक्रम रद्द. भिजवलेली डाळ शेजारी वाटून टाकली आणि आगाऊ घेतलेले पैसे परत पाठवले. त्यांना वाटलं, मी पुढच्या रविवारचे पैसे त्या दिवशीच घेणार असेन. पुढच्या रविवारी सकाळी नऊला त्यांचा फोन, पोळ्या निघाल्या का? माझ्या घरात तेव्हा अर्धा किलो डाळही नव्हती. शेजारच्या दोघी मदतीला आल्या म्हणून दुपारपर्यंत चाळीस तरी झाल्या. त्या ताईंच्या सासूबाईंचा चेहरा मला आजही आठवतो.

म्हणजे ‘पुट ऑफ’ हा रद्द नाही? मग रद्दला काय म्हणतात? आणि अजून एक. ‘बँक ऑफ महाराष्ट्र’मधला ‘ऑफ’ हाच का? आपण लिहितो तर सारखंच.


रात्रशाळेचे गुरुजी, नौपाडा
सोमवार, संध्याकाळी ७:१०

ताई, तुमच्या जागी माझे कितीतरी विद्यार्थी होते. कामावरचा साहेब ‘पुट ऑफ’ म्हणायचा आणि मुलं घरी निघून जायची.

‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकललं. ठरलेल्या दिवसावरून उचलून दुसऱ्या दिवसावर ठेवलं. इथे ध्रुव आहे तो पहिला रविवार, कार्यक्रम त्याच्यापासून सुटला, पण शाबूत आहे. म्हणूनच बहुतेक वेळा त्याच्यानंतर ‘टिल’ किंवा ‘अंटिल’ येतो आणि नवी तारीख येते. ‘कॉल्ड ऑफ’ म्हणजे रद्द. बोलावलेलं परत फिरवलं, आता होणार नाही. मेसेजमध्ये ‘ऑफ’ दिसला की त्याच्या आधीचा शब्द बघा, ‘पुट’ की ‘कॉल्ड’, आणि नंतर तारीख आहे का ते बघा. त्याशिवाय डाळ भिजवूही नका, वाटूही नका.

अशीच एक जोडी कामावर नेहमी लागते. ‘डे ऑफ’ म्हणजे सुटी. ‘ऑफ डे’ म्हणजे ज्या दिवशी हाताला नीट यश येत नाही, एरवी चांगली करणारी बाई त्या दिवशी पोळी फाडते, तो दिवस. शब्द तेच, जागा बदलली की अर्थ बदलतो. आपण मात्र सुटीलाही ‘आज माझा ऑफ आहे’ म्हणतो. ते आपलं भारतीय बोलणं आहे आणि आपल्या माणसांत चालतं. ‘मूड ऑफ’ही आपलाच. परदेशी ग्राहकाला लिहिताना तेवढा टाळावा.

बँकेचा ‘ऑफ’ आणि रस्त्याचा ‘ऑफ’ आपण देवनागरीत एकसारखे लिहितो, म्हणून फसतो. इंग्रजीत बँकेचा एका एफचा, रस्त्याचा दोन एफचा. उच्चारही वेगळा. एका एफच्या शब्दात तो एफ ‘व्ह’सारखा बोलायचा, ‘ऑव्ह’. दोन एफचा खरा ‘ऑफ’, ओठ दातांना लावून हवा सोडायची.

पण तुम्हाला दोन्ही एकच वाटले यातही तथ्य आहे. जुन्या इंग्रजीत हा एकच शब्द होता, एका एफचा, आणि त्याचा अर्थ ‘पासून दूर’ असाच होता. वाक्यात जोर देऊन बोलला जाई तेव्हा तो दोन एफचा व्हायला लागला. दोघांची कामं पक्की वाटली गेली ती १७ व्या शतकात. जोरकस भावानं ‘दूर, सुटून’ हा जुना अर्थ घेतला आणि मवाळ भावाकडे ‘चा, ची, चे’ हे रोजचं काम राहिलं. अजूनही त्याच्यात जुनी खूण सापडते. ‘मेड ऑव्ह वुड’, लाकडापासून केलेलं. तिथे ‘पासून’ आलाच की.


मैदानावरचा माणूस, नेरूळ
सोमवार, रात्री ९:५५

गुरुजी, एक ‘ऑफ’ तुम्ही मला ठेवलात. ताईंचा मुलगा ऑफ स्पिन टाकतो म्हणून लिहितो. मी नेरूळला मुलींना क्रिकेट शिकवतो.

मुली पहिल्या आठवड्यात विचारतात, सर, ऑफ साइड म्हणजे उजवी बाजू ना? मी म्हणतो, नाही. बॅट धरून आडव्या उभ्या राहा. तुमच्या पायांच्या पलीकडची, बॅटच्या पुढची बाजू ऑफ. पायांमागची बाजू लेग, तिलाच ऑन म्हणतात. उजव्या हातानं खेळणाऱ्या मुलीची ऑफ साइड गोलंदाजाकडे तोंड केल्यावर उजवीकडे येते. डावखुऱ्या स्मृती मानधनासाठी तीच डावीकडे जाते. मैदान तेच, खेळपट्टी तीच, पण बाजू खेळणाऱ्याच्या अंगाबरोबर फिरते. गुरुजींच्या भाषेत सांगायचं तर ध्रुव म्हणजे खेळाडूचे पाय.

ऑफ स्पिनमध्ये मुलं आणखी चुकतात. त्यांना वाटतं, चेंडू ऑफकडे वळतो. तो ऑफकडून वळतो. उजव्या हाताच्या फलंदाजासाठी टप्पा पडल्यावर ऑफ साइडवरून आत, पायांकडे येतो. तुमच्या मुलाला विचारा, त्याचा चेंडू उजव्या फलंदाजाला आत येतो का. आत येत असेल तर तो खरंच ऑफ स्पिन टाकतोय.

२ नोव्हेंबर २०२५ ला आमच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. माझ्या मुलींपैकी अकरा जणी घेऊन गेलो होतो. शेफाली वर्मानं ७८ चेंडूंत ८७ केल्या. इंग्रजीत ते ‘८७ ऑफ ७८ बॉल्स’ असं म्हणतात. एका मुलीनं दुसऱ्या दिवशी सरावाला आल्यावर विचारलं, इथे ऑफ का? तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आज हे सगळं वाचून कळलं. आपण म्हणतो ना, धावा काढल्या. चेंडूतून काढून घेतल्या. चेंडू गेला, त्याच्यापासून धावा सुटून आपल्याकडे आल्या.

पुढे ऑफ स्पिनर दीप्ती शर्मानं ३९ धावांत ५ बळी घेतले आणि शेवटचा झेल तिच्याच चेंडूवर हरमनप्रीतनं मागे धावत घेतला. तोही झेल ‘ऑफ दीप्तीज बोलिंग’. भारत ५२ धावांनी जिंकला. माझ्या ऑफ स्पिन टाकणाऱ्या दोघी मुली त्या रात्री रडत होत्या आणि मीही. उद्या सरावाला हे शब्दाचं सगळं त्यांना सांगणार आहे.


रात्रशाळेचे गुरुजी, नौपाडा
मंगळवार, सकाळी ६:०५

नेरूळचे दादा, ‘ऑफकडून वळतो’ हे मला शिकायला मिळालं. मी आयुष्यभर उलट समजत होतो.

तुमच्या बाजूंना एक जोड देतो. इंग्लंडमध्ये घोडा हाकणारा माणूस घोड्याच्या डाव्या बाजूनं चालायचा आणि डावीकडूनच वर चढायचा. म्हणून घोड्याची डावी बाजू ‘नियर’ आणि उजवी ‘ऑफ’. आजही तिथे मोटारीच्या ज्या बाजूला ड्रायव्हर बसतो तिला ऑफ साइड म्हणतात, कारण गाडी रस्त्याच्या डाव्या कडेनं चालते आणि ती बाजू कडेपासून दूर असते. आपण गाडी त्याच बाजूनं चालवतो, तेव्हा आपल्या बसलाही हे लागू पडतं. तुमच्या मुलींच्या पायांचं आणि या घोड्याचं तर्कशास्त्र सारखंच आहे. जवळची बाजू कुठली ते ठरवा, मग तिच्यापासून दूरची ती ऑफ.

ताई, ‘वेल ऑफ’ म्हणजे खाऊन-पिऊन सुखी, हा एक ‘ऑफ’ मात्र माझ्या ‘सुटणे’च्या वहीत नीट बसत नाही. तो मी मुलांना सरळ पाठ करायला सांगायचो.


पार्सलवाला, कोपरखैरणे
मंगळवार, दुपारी १:२०

गुरुजी, आज महापेला तीन ‘ऑफ ठाणे-बेलापूर रोड’ होते. तिन्ही ठिकाणी फोनवर ‘कुठून सुटायचं?’ असं विचारलं. तिघांनाही लगेच कळलं. ‘आत कुठे आहे’ विचारलं की लोक लांबलचक सांगत बसतात, ‘कुठून सुटायचं’ विचारलं की नाका सांगतात. हा प्रश्न आता मी ठेवणार.


माजिवड्याची सुगरण
शनिवार, रात्री १०:५०

दोन आठवड्यांनी लिहितेय, क्षमा असावी. मध्ये लग्नाच्या ऑर्डरी होत्या.

वहीचा नमुना बदलला. आता प्रत्येक ‘ऑफ’ पत्त्याला तीन ओळी लिहिते. पहिल्या ओळीत सोडायचा रस्ता, दुसऱ्या ओळीत कुठे सुटायचं ते, तिसऱ्या ओळीत आत गेल्यावर काय दिसेल ते. हे असं:

घोडबंदर रोडवरून आत.
पातलीपाडा सिग्नलला डावीकडे सुटायचं.
पुढे शाळा, शाळेसमोर निळं गेट.

दुसरी ओळ ग्राहकाला फोन करून विचारावी लागते, त्यात अर्धा तास जातो. पण दोन आठवड्यांत एकही डबा परत आला नाही. मुलानं परीक्षेत ‘वेंट ऑफ’चं वाक्य बरोबर लिहिलं. त्याचा चेंडू उजव्या फलंदाजाला आत येतो, हेही आम्ही गॅलरीतून बघून खात्री केली.

आणि आज संकष्टी होती. पोखरण रोडच्या काकूंनी पुन्हा एकवीस मोदक सांगितले. मला वाटलं होतं, त्या आता कधीच सांगणार नाहीत. वहीत लिहिलं, ‘पोखरण रोड नं. २ वरून आत, वसंत विहारकडे सुटायचं, दुसऱ्या वळणावर डाव्या हाताची इमारत.’ मुलगा संध्याकाळी पावणेआठला निघाला. सव्वाआठला काकूंचा फोन आला, डबा अजून गरम आहे गं, चंद्र उगवायला वेळ आहे.